बी आपलं, मग जमीन अतिक्रमण कशी?



भाताला तुडतुडा लागला की साहेब फवारा सांगून जातो. फवाऱ्याला पैसे सावकाराचे. पण किडीला दाद न देणारं भात शोधायचीही एक रीत आहे. तिचा आपल्या प्लॉटशी संबंध आहे, म्हणून ती समजून घ्या.

पसरट ट्रेमध्ये वेगवेगळ्या भातांच्या ओळी पेरतात. त्यात एक ओळ तायचुंग नेटिव्ह-१ ची, कारण ते हमखास मरतं. रोपं आठवड्याची झाली की वर तपकिरी तुडतुडे सोडायचे. तायचुंग पार करपलं की बाकीच्या ओळी बघायच्या, कोण हिरवं, कोण पिवळं, कोण मेलं. मार्क ० ते ९. ज्याला काहीच झालं नाही त्याला ०, मेलं त्याला ९. (शाळेच्या उलट!) हजारोंतून थोडीच तगतात. तेव्हा 'गावठी भाताला कीड लागत नाही' असं सभेत कुणी बोलू नका, ते खरं नाही.

पण तगलेली कुठली? फिलिपाइन्सच्या संस्थेने १९६६ साली आयआर-८ काढलं, त्याचा तुडतुड्याने फडशा पाडला. १९७३ ला आयआर-२६ आलं. त्यातला गुण तोच, जो आपल्या देशातल्या 'मुडगो' या जुन्या भातात सापडला होता. दोन-तीन वर्षांत तिकडचा तुडतुडा त्यालाही सरावला. मग १९७६ ला आयआर-३६, दुसरा गुण घालून. एकच गुण सगळीकडे पेरला की कीड तो मोडते, आणि साहेबलोक परत जुनं बी शोधत फिरतात. डॉ. रिछारियांनी छत्तीसगडात हजारो भातं गोळा केली, ती शेतकऱ्यांच्या कणग्यांतूनच.

कपाटात ठेवलेलं बी होतं तसंच राहतं. शेतातलं दरसाल किडीपुढे उभं राहतं. आपली झिनी, कोळपी, महाडी अजून प्लॉटवर पेरली जातात, आणि त्याच प्लॉटला वनखातं अतिक्रमण म्हणतं. उभ्या पिकात खड्डे खणून साग लावला तर नुसतं एका सालाचं भात जात नाही, बी पण जातं.

आपली मागणी अशी. आपल्या भातांची ही परीक्षा सरकारने घ्यावी, आपल्यासमोर घ्यावी, आणि बी कुठल्या पाड्याचं, कुणी राखलं ते कागदावर यावं. बी राखतात बहुतेक बायाच, तेव्हा त्यांची नावं पहिली.

पुढच्या बैठकीला दंडाच्या पावत्यांबरोबर घरटी मूठभर बी चिंधीत बांधून आणा. सोबत चिठ्ठीवर भाताचं नाव, पाडा आणि किती सालं पेरता ते लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या.