वीज आधी गिरणीत, मग ओट्यावर
गणपती जवळ आले की खोपोलीच्या बाजारात मिक्सर दुरुस्तीला रांग लागते. या आठवड्यात ती दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती. कुणाचं पातं बोथट, कुणाचं भांडं गळकं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून टाटांनी इथे वीज केली ती १९१५ साली, पण ती गेली मुंबईच्या कापडगिरण्यांना. इथल्या बायका पुढे कित्येक वर्षं पहाटे जात्यावर बसतच होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. त्या वाचा, माहेरच्या ओढीबरोबर कष्टाने पिचलेला जीवही त्यांत भेटतो. म्हणून पाट्यावरच्या वाटणाची चव आठवून हळहळणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चव असेल हो, पण वाटत कोण होतं ते आधी सांगा! पाटा गेला ते उत्तमच झालं. माझी तक्रार वेगळी आहे: यंत्र आलं, तरी वाटणारी तीच राहिली. रांगेत मिक्सर घेऊन उभे होते ते सगळे पुरुष. आता तो घरी चालवायलाही त्यांनीच शिकावं. ओलं खोबरं, आलं, लसूण, मिरची, घोटभर पाणी आणि झाकणावर घट्ट हात, एवढंच असतं ते.