रोमचे देव आणि रोमचें पंचांग

प्राचीन रोमन लोकांच्या देवांविषयीं आमच्या सुशिक्षितांस जी माहिती असते ती बहुधा ग्रीक पुराणांवर पोसलेली असते. ज्युपिटर म्हणजे ग्रीकांचा झ्यूस, व्हीनस म्हणजे अफ्रॉडाइटी, मर्क्युरी म्हणजे हर्मीस, अशा जोड्या लावून दिल्या कीं विषय संपला असें पुष्कळांस वाटतें. परंतु या जोड्या लावणारे बहुतेक कवि होते. ज्या रोमन शेतकऱ्यानें, शिपायानें व सावकारानें हे देव पुजिले, त्याचा त्यांच्याशीं व्यवहार अगदीं निराळा होता. ग्रीकांनीं आपल्या देवांना रूपें दिलीं, प्रेमप्रकरणें दिलीं आणि भांडणेंही दिलीं. रोमनांनीं त्यांना कामें वांटून दिलीं. दाराच्या फळीचा देव एक, उंबऱ्याचा दुसरा आणि बिजागरीची देवी तिसरी. घराला माणूस द्वारपाल ठेविला तर एक पुरतो, मग या लोकांना देव तीन कां लागले, अशी थट्टा पुढें सेंट ऑगस्टीननें केली आहे. गव्हावर तांबेरा पडूं नये म्हणून रोबिगस नांवाच्या देवतेपुढें दरवर्षीं २५ एप्रिल रोजीं कुत्र्याचा बळी देत. शेताच्या बांधावरील दगड हा टर्मिनस देव. बांध सरकविणारा शेजारी त्यामुळें देवाचाही अपराधी ठरत असे.

आम्ही कायद्याच्या परीक्षेसाठीं रोमन कायद्याचीं प्रकरणें घोकीत होतों त्या वेळीं त्यांचा रोमन देवपूजेशीं कांहीं संबंध असेल अशी शंकाही आली नव्हती. पुढें ध्यानांत आलें कीं, दोन्ही एकाच टांकसाळींत पाडलेलीं नाणीं आहेत. रोमन माणसाची प्रार्थना हा एक करारनामा आहे. ‘मी हें देतों, तूं तें दे’ हें त्याचें कलम. आणि करारनाम्यांत शब्द चुकला कीं करार बुडाला. गायस नांवाच्या जुन्या कायदेपंडितानें एक दावा नमूद केला आहे. एकाच्या द्राक्षवेली शेजाऱ्यानें तोडल्या. बाराफळी कायद्यांत शब्द ‘झाडें’ असा होता. फिर्यादीनें न्यायासनापुढें ‘वेली’ असा शब्द उच्चारला आणि एवढ्यावरून त्याचा दावा गेला. आतां याच्या शेजारीं हें दुसरें उदाहरण ठेवून पाहावें. इ. स. पू. १७६ सालीं आल्बन डोंगरावरील लॅटिन उत्सवांत लानूव्हियम गांवच्या अधिकाऱ्यानें एका बळीच्या वेळीं रोमन लोकांचें नांव घेण्याचें राहून गेलें. झालें! सगळा उत्सव पुन्हां पहिल्यापासून करावा लागला. यजमानाचें मन शुद्ध होतें कीं नव्हतें हें कोणी विचारिलें नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस या बाबतींत मर्क्युरीची हकीकत विशेष रुचेल. हा व्यापाऱ्यांचा देव. त्याचें देऊळ इ. स. पू. ४९५ मध्यें झालें. तें अर्पण करण्याचा मान दोन कॉन्सलांपैकीं कोणास मिळावा याविषयीं तंटा पडला, तेव्हां तो प्रश्न लोकांकडे सोंपविण्यांत आला. कर्जबाजारी प्रजा त्या वेळीं दोघांवरही चिडलेली होती. तिनें दोघांनाही बाजूला सारून लीटोरियस नांवाच्या एका लष्करी नायकाला तो मान दिला. १५ मे हा या देवाच्या उत्सवाचा दिवस. ओव्हिड कवीनें त्या दिवशींचा व्यापारी वर्णिला आहे: तो कापेना वेशीजवळच्या झऱ्याचें पाणी आणतो, लॉरेलच्या फांदीनें तें आपल्या मालावर व स्वतःच्या मस्तकावर शिंपडतो, आणि मागच्या खोट्या शपथा धुऊन जाव्या, पुढच्याही माफ व्हाव्या व गिऱ्हाईक फसविण्याचा आनंद लाभावा, अशी प्रार्थना करितो. देव हंसतो, कारण त्यानेंही लहानपणीं गाई चोरल्या होत्या! यांत कवीची अतिशयोक्ति असेल. पण जी पूजा शब्दांचा हिशेब ठेविते व आचरणाचा ठेवीत नाहीं तिच्या पोटीं असलाच यजमान जन्मास यावा यांत नवल नाहीं.

परंतु या शब्दनिष्ठेचा खरा परिणाम देवळांत झाला नाहीं, तो कोर्टांत आणि बाजारांत झाला. शब्द व दिवस अचूक पाहिजेत असें ठरलें कीं ते ज्यांना ठाऊक, त्यांच्याच हातीं सत्ता जाते. रोममध्यें ती ‘पाँटिफेक्स’ या धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाकडे होती. कोणत्या दिवशीं न्यायाधीशानें बसावें, कोणत्या दिवशीं लोकसभा भरावी आणि कोणत्या दिवशीं दोन्ही निषिद्ध, हें त्यांच्या पंचांगांत असे व पंचांग त्यांच्या घरांत. महिन्याच्या पहिल्या दिवशीं त्यांच्यापैकीं एक जण कॅपिटॉल टेंकडीवरून ओरडून सांगे कीं यंदाचा ‘नोन’ पांचव्या दिवशीं कीं सातव्या. या ओरडण्यावरूनच त्या दिवसाला ‘कॅलेंड’ हें नांव पडलें. त्याच दिवशीं कर्जाचें व्याज देणें होत असल्यामुळें सावकाराच्या व्याजवहीला ‘कॅलेंडेरियम’ म्हणूं लागले. आज आमच्या घरोघरीं भिंतीवर टांगलेलें कॅलेंडर तें हेंच. ज्या गरिबावर दावा झाला त्याला आपला खटला कोणत्या दिवशीं चालेल व कोणते शब्द बोलले असतां तो टिकेल, हें विचारण्यास त्या वरिष्ठ कुळांच्याच उंबऱ्याशीं जावें लागे. आणि दावा लावणाराही बहुधा त्यांच्यापैकींच असे.

ही कोंडी ज्यानें फोडली तो कोणी योद्धा नव्हता कीं तत्त्ववेत्ता नव्हता. तो एक कारकून होता. नीअस फ्लेव्हियस हें त्याचें नांव. बाप दास्यांतून सुटलेला. आपण आपियस क्लॉडियस या बड्या सरदाराच्या पदरीं लेखनिक. इ. स. पू. ३०४ मध्यें तो ईडाइल या अधिकारावर निवडून आला आणि त्यानें दाव्यांचे गुप्त मसुदे प्रसिद्ध केले व सगळें पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून फोरमच्या चौकांत लावून टाकिलें. मसुदे त्यानें धन्याच्या दप्तरांतून चोरले असें कोणी म्हणतात, धन्याच्याच सल्ल्यानें हें केलें असें दुसरे म्हणतात. त्याच्या निवडणुकीचा सरदारांना एवढा संताप आला कीं पुष्कळांनीं आपल्या बोटांतल्या सोन्याच्या आंगठ्या काढून ठेविल्या, असें लिव्ही सांगतो. एकदां फ्लेव्हियस आपल्या आजारी सहकाऱ्याच्या समाचारास गेला असतां तेथें बसलेल्या तरुण सरदारांपैकीं एकही उठून उभा राहिला नाहीं. त्यानें शांतपणें आपली अधिकाराची खुर्ची मागविली आणि तिच्यावर तो त्यांच्यादेखत बसला. पुढें चारच वर्षांनीं ओगुल्नियन कायदा होऊन पाँटिफेक्सांच्या व शकुन पाहणाऱ्या ‘ऑगर’ मंडळाच्या जागा सामान्य प्रजेस खुल्या झाल्या. तिसऱ्या शतकाच्या मध्यास त्याच प्रजेंतला कोरंकेनियस मुख्य धर्माधिकारी झाला आणि विचारावयास येईल त्यास उघड कायदा सांगूं लागला.

कोणी म्हणेल कीं, धर्माचें रहस्य चव्हाट्यावर मांडिलें म्हणजे धर्मच बुडतो. रोममधील विरोधकही देवांचीच ढाल पुढें करीत होते. पण फळ्या लागल्यानंतर तो धर्म बुडाला काय? व्हेस्टा देवीचा अग्नि त्यानंतर जवळजवळ सातशें वर्षें जळत राहिला. तो विझला तो इ. स. ३९१-९२ च्या सुमारास थिओडोशियस बादशहाच्या हुकुमांनीं. कारकुनाच्या फळीनें नव्हे. कानीच्या पराभवानंतर इ. स. पू. २१६ मध्यें याच रोमनांनीं दोन गॉल व दोन ग्रीक मनुष्यें बाजारांत जिवंत पुरलीं होतीं, आणि इ. स. पू. ९७ मध्यें त्यांच्याच सेनेटनें ठराव करून नरबलि बंद केला. त्या ठरावानेंही ज्युपिटर रागावल्याचें ऐकिवांत नाहीं.

पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानें रोमन भोळेपणाची स्तुति केली आहे ती मात्र आम्हांस मान्य नाहीं. चंचल जमावाला धाकांत ठेवण्यास अशा अदृश्य भीतीचा उपयोग होतो, असें त्याचें म्हणणें. हें म्हणणें सोयीचें आहे, पण तें नेहमीं वरून खालीं पाहणाराचें असतें. शिवाय तो धाक जमावालाच लागे. पुढारी त्यांतून मोकळेच. इ. स. पू. २४९ मध्यें ड्रेपनाच्या समुद्रांत शकुनाच्या कोंबड्या दाणे टिपीनात, तेव्हां ‘खात नाहींत तर पिऊं द्या’ असें म्हणून क्लॉडियस सेनापतीनें त्या पाण्यांत फेंकल्या. लढाईंत त्याचीं ९३ जहाजें गेलीं, खटला होऊन दंडही झाला, आणि लोकांनीं दोष दिला तो कोंबड्यांच्या अपमानाला! इ. स. पू. ५९ मध्यें बिब्युलस कॉन्सल आपल्या घरांत बसून ‘मी आकाशांतले शकुन पाहत आहें’ असें रोज कळवीत असे, हेतु एवढाच कीं सीझरचे कायदे बेकायदा ठरावे. सिसेरो तर स्वतः ऑगर होता, आणि त्यानेंच शकुनशास्त्राच्या चिंधड्या उडविणारा ग्रंथ लिहिला. पण राज्याच्या सोयीसाठीं तें चालूं ठेवावें असेंही तोच सांगतो. वकील म्हणून आम्हांस सिसेरोविषयीं मोठा आदर आहे. पण येथें त्यानें दोन्ही पक्षांकडून वकीलपत्र घेतलें असें म्हणणें भाग आहे.

फ्लेव्हियसच्या फळीनें दिवस उघडे झाले, तरी एक किल्ली धर्माधिकाऱ्यांपाशीं राहूनच गेली. रोमन वर्ष ३५५ दिवसांचें असे आणि तें ऋतूंशीं जुळावें म्हणून अधूनमधून अधिक मास घालावा लागे. तो केव्हां घालावयाचा हें पाँटिफेक्स ठरवीत. मित्राची अधिकाराची मुदत लांबवावयाची असेल तर अधिक मास पडे, शत्रूची आंखडावयाची असेल तर पडत नसे. कराच्या मक्तेदारांचा नफाही त्यावर कमीजास्त होई. सिलिशियाच्या सुभ्याला कंटाळलेल्या सिसेरोनें यंदा अधिक मास पडूं देऊं नका म्हणून रोममधल्या मित्रांस काकुळतीचीं पत्रें लिहिलीं आहेत. होतां होतां सुगीचे सण सुगीच्या दिवसांत येईनात. शेवटीं सीझरनें, जो स्वतः मुख्य धर्माधिकारी होता, इ. स. पू. ४६ हें वर्ष ४४५ दिवसांचें करून घोळ निस्तरला आणि पुढच्या वर्षापासून ३६५ दिवसांचें वर्ष व दर चार वर्षांनीं एक जादा दिवस असा नियम घालून दिला. त्यानंतर लवकरच त्याचा खून झाला. नियम धर्माधिकाऱ्यांच्या हातीं आला, आणि त्यांनीं ‘दर चौथ्या वर्षीं’ याचा अर्थ आपल्या जुन्या मोजणीप्रमाणें दर तीन वर्षांनीं असा केला. ३६ वर्षांत ९ च्या जागीं १२ दिवस वाढले तरी कोणास कळलें नाहीं. तें ऑगस्टसच्या ध्यानांत आलें, तेव्हां त्यानें तीन जादा दिवस गाळावयास लाविले, आणि ही सर्व व्यवस्था कोणासही वाचतां यावी अशी ब्राँझच्या पत्र्यावर कोरून ठेविली.