पगारी प्रचारकाची बाजू

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत एक मत घट्ट रुतून बसले आहे: प्रचार करावा तो स्वयंसेवकानेच, पगार घेतला की कार्यकर्त्याचा विक्रेता होतो. हे म्हणणारी माणसे निःस्वार्थी आहेत. सुट्टीचे दिवस खर्ची घालून त्यांनी कॉलेजांतल्या संगणकांवर लिनक्स चढवून दिले आहे. म्हणूनच त्यांना उडवून न लावता उत्तर द्यायला हवे.

चळवळीचा उगमच बिनपगारी आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा वस्तुस्थितीला धरून नाही. चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली आणि पुढे आपल्या इमॅक्स या मजकूर-संपादकाच्या टेपा १५० डॉलरला विकून पोट भरले. १९८५ साली स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने प्रोग्रामर पगार देऊन नेमले. आग्रह वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा होता. राबणाऱ्याने पदरमोड करीत राहावे, असा कधीच नव्हता.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. चौघांतल्या एकाला पैसे मिळाले की उरलेल्या तिघांचा हुरूप जातो. याला डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रणालीचा दाखला देतात, आणि तो खराच आहे. २००६ साली ‘एच’ ही आवृत्ती डिसेंबरात वेळेवर यावी म्हणून दोन प्रकाशन-व्यवस्थापकांना मानधन देण्याचा ‘डंक-टँक’ प्रयोग झाला. वाद पेटला, काहींनी आपले काम आखडते घेतले, आणि ‘एच’ आली एप्रिल २००७ मध्ये. पण याच डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांची सुरक्षा २०१४ पासून प्रामुख्याने मोबदला घेणारे लोकच सांभाळतात. ते कंटाळवाणे काम फुकट करायला पुरेशी माणसे मिळत नव्हती, हे सर्वांना दिसत होते. त्यामुळे रोष पैशापेक्षा निवडीवर होता, असे मला वाटते: काम सगळ्यांचे, मोबदला दोघांनाच, आणि ठरवणारे मूठभर.

प्रचारात तर हे कंटाळवाणे कामच मोठे असते. केरळकडे पाहा. तिथल्या शाळांमध्ये २००१ साली ‘आयटी@स्कूल’ सुरू झाले तेव्हा भर मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरवर होता. स्वयंसेवक आणि शिक्षक संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. मल्याळम अक्षरे पडद्यावर नीट उमटावीत म्हणून स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली. त्यांच्यावाचून मुक्त सॉफ्टवेअरकडे दिशा बदलली नसती. परंतु दिशा बदलल्यावर इतर शिक्षकांना शिकवणारे मास्टर ट्रेनर सरकारी पगारावरचे शिक्षकच होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतले यंत्र बंद पडले, तर मुख्याध्यापकाला रविवारी मोकळा होणारा उत्साही तरुण काय कामाचा? त्याला उद्या सकाळी हजर राहणे ज्याच्यावर बंधनकारक आहे, असा माणूस लागतो. तो न मिळाल्यास शाळा जुन्या प्रणालीकडे परत जाते, आणि स्वयंसेवकाने केलेले सगळे वाया जाते.

महाराष्ट्राला तर हा विचार परका वाटू नये. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला, तो पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या बेताच्या निर्वाहाची सोय लावूनच. त्या कार्यकर्त्यांना कोणी भाडोत्री म्हटले नाही.

पगाराचा खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या पगारी माणसांनी फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या मराठीकरणाचे मोठे काम केले, आणि मुक्त परवान्यामुळे ते सर्वांचे झाले. तरी एकाच कंपनीच्या पगारावर भाषेचे काम चालले, तर तिचे धोरण बदलताच ते थांबू शकते. म्हणून पैसा अनेकांच्या वर्गणीतून किंवा सार्वजनिक अंदाजपत्रकातून यावा, हिशेब उघडा असावा, आणि कोणाला कशासाठी नेमायचे हे स्वयंसेवकांच्या सभेत ठरावे. या अटींवर प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस नेमता आला, तर त्याने आठवडाभर शाळांत आणि ग्रामपंचायतींत फिरून अडलेली यंत्रे चालू करावीत. स्वयंसेवकांनी त्याचे काम तपासावे, आणि तो एखाद्या कंपनीची भाषा बोलू लागला तर त्याला बदलावे.