शहराचं नाव बदललं, स्टेशनचा कोडही बदलला. पण जुन्या कोडवर चालणाऱ्या गोष्टींचं काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये औरंगाबाद रेल्वे स्टेशनचं नाव अधिकृतपणे 'छत्रपती संभाजीनगर' झालं. शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्येच मिळाली होती. स्टेशनपर्यंत हा बदल पोहोचायला अडीच वर्षांहून जास्त काळ गेला.

नावाची चर्चा भरपूर झाली. पण नावासोबत आणखी एक गोष्ट बदलली, ती म्हणजे स्टेशनचा कोड. 'एडब्ल्यूबी' गेला आणि 'सीपीएसएन' आला.

आता प्रश्न असा की, तीन-चार अक्षरांनी एवढा काय फरक पडतो?

नाव माणसांसाठी, कोड यंत्रांसाठी

पाटीवर औरंगाबाद असो की संभाजीनगर, रिक्षावाल्याला दोन्ही कळतं. मुंबईत आजही कुणी व्हीटी म्हणतं, कुणी सीएसटी, कुणी सीएसएमटी. सगळे एकाच ठिकाणी पोहोचतात.

कॉम्प्युटरचं तसं नसतं. एखाद्या प्रोग्राममध्ये 'एडब्ल्यूबी' असं लिहून ठेवलं असेल, तर तो तेच शोधणार. 'सीपीएसएन' म्हणजे तेच स्टेशन, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. कोड फक्त रेल्वेच्या सर्व्हरवर नसतो. तो ट्रॅव्हल एजंटच्या एक्सेल शीटमध्ये असतो, गाड्यांची वेळ दाखवणाऱ्या ॲपमध्ये असतो, कॉलेजच्या पोरानं प्रोजेक्टसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही असतो. यातल्या प्रत्येकाला विचारून कोड बदलता येत नाही. म्हणून बदल करणारा एक आणि दुरुस्ती करत बसणारे भलतेच, असं होतं.

एकाच शहरात दोन पद्धती

गंमत म्हणजे याच शहराच्या विमानतळाचा कोड आहे 'आयएक्सयू'. त्यात ना औरंगाबाद आहे ना संभाजीनगर, त्यामुळे शहराच्या नामांतरानं त्याला धक्काच लागला नाही. ज्या कोडमध्ये जुन्या नावाची अक्षरं आहेत, तेही विमानसेवेत सहसा तसेच राहतात. बॉम्बेची मुंबई झाली, तरी बॅगेच्या टॅगवर 'बीओएम' छापलं जातं. चेन्नईचा 'एमएए' मद्रासची आठवण आहे, कोलकात्याचा 'सीसीयू' कलकत्त्याची. प्रवाशाला दिसणारं नाव बदललं, यंत्राला दिसणारा कोड तोच ठेवला.

रेल्वेनं मात्र अनेकदा नावासोबत कोडही बदललाय. अलाहाबादचा 'एएलडी' जाऊन प्रयागराजचा 'पीआरवायजे' आला. मुघलसरायचा 'एमजीएस' जाऊन 'डीडीयू' झाला. मराठवाड्यातच उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा 'यूएमडी'च्या जागी 'डीआरएसव्ही' आला.

तिसरा प्रकार आकड्यांचा. गाड्यांवरचा 'एमएच-२०', पत्त्यातला पिन कोड ४३१००१ आणि फोनचा ०२४०. यात शहराच्या नावाचं एकही अक्षर नाही, त्यामुळे नामांतरात यांच्यावर वेळच आली नाही. ज्या कोडला अर्थ नसतो, तो सगळ्यात जास्त टिकतो.

सॉफ्टवेअरवाल्यांचं जुनं दुखणं

'नवं आणा, पण जुन्यावर चालणारं मोडू नका' या तत्त्वाला सॉफ्टवेअरच्या जगात 'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी' म्हणतात. हा वाद सगळ्यात जास्त रंगतो तो कमांड लाइनवर. कमांड लाइन म्हणजे ती काळी स्क्रीन, जिथे माउस न वापरता आदेश टाइप करतात. यातले कित्येक आदेश १९७० च्या दशकातले आहेत. ते फक्त माणसं टाइप करत नाहीत. रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या हजारो प्रोग्राममध्ये ते लिहून ठेवलेले असतात.

तीन उदाहरणं बघा.

पहिलं 'एलएस'चं. हा आदेश फोल्डरमधल्या फाइल्सची यादी दाखवतो. २०१६ मध्ये लिनक्सवरच्या त्याच्या नव्या आवृत्तीनं, नावात मोकळी जागा असलेल्या फाइल्स अवतरण चिन्हांत दाखवायला सुरुवात केली. जुने वापरकर्ते भडकले. पण बदल करणाऱ्यांनी एक काळजी घेतली होती. ही चिन्हं फक्त माणसाच्या स्क्रीनवर दिसत होती. यादी दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असेल, तर ती जुन्या पद्धतीनंच जात होती. म्हणजे विमानतळाचीच पद्धत.

दुसरं 'ईग्रेप'चं. मजकुरात शब्द शोधणारा हा आदेश कालबाह्य आहे, असं २००७ मध्येच जाहीर झालं होतं. तरी तो बिनबोभाट चालत राहिला. १५ वर्षांनी, २०२२ मध्ये, तो वापरताच 'हे जुनं झालंय, नवा पर्याय वापरा' अशी सूचना दिसू लागली. आदेश बंद केला नव्हता, फक्त एक ओळ वाढली होती. तरीही तक्रारी आल्या, कारण काही प्रोग्रामना ती जास्तीची ओळ म्हणजे चूक वाटली.

तिसरं सगळ्यात गंभीर आणि योगायोगानं त्याच ऑक्टोबर २०२५ मधलं. उबंटू या लिनक्स प्रणालीच्या २५.१० आवृत्तीत जुने आदेश रस्ट भाषेत नव्यानं लिहिलेले होते. त्यातल्या 'डेट' आदेशाला एखादी फाइल शेवटची कधी बदलली, असं विचारलं की तो चक्क आत्ताची वेळ सांगायचा. चूक झाल्याचा संदेशही नाही. 'अपडेट शेवटचं कधी तपासलं?' हे बघणाऱ्या यंत्रणेला त्यामुळे 'आत्ताच' असं उत्तर मिळत राहिलं आणि काही कॉम्प्युटरवर आपोआप होणारी सुरक्षा अपडेटची तपासणीच थांबली. दोष लवकरच दुरुस्त झाला. पण धडा मोठा होता. उघडपणे मोडलेली गोष्ट निदान दिसते. गुपचूप चुकीचं उत्तर देणारी दिसतच नाही.

'कलकत्ता' अजून कसं चालतं?

मग नामांतर नीट कसं करायचं? उत्तर आपल्याच फोनमध्ये आहे. जगभरातले कॉम्प्युटर भारताची वेळ 'एशिया/कोलकाता' या नावानं ओळखतात. पूर्वी हेच नाव 'एशिया/कॅल्कटा' होतं. शहराचं नाव २००१ मध्ये अधिकृतपणे बदललं, पुढे या यादीतही बदललं. पण जुनं नाव पुसलं नाही. 'बॅकवर्ड' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये एक ओळ टाकली, की कॅल्कटा विचारलं तर कोलकाता समजा. २०२२ मध्ये 'कीएव्ह'चं 'कीव' झालं, तेव्हाही हेच केलं.

मग जुनं कायमचं सांभाळायचं?

त्यालाही किंमत आहेच. जुने मार्ग जितके जास्त, तितकी देखभाल जास्त. शिवाय नाव बदलण्यामागे लोकांची भावना असते, आणि कोडमध्ये जुनं नाव उरलं तर बदल अर्धवट वाटू शकतो. शहराचं नाव काय असावं, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये सरकारचा निर्णय कायम ठेवला. पण नाव ठरल्यानंतर बदल कसा राबवायचा, हा प्रश्न वेगळा आहे. तो राजकारणाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

तिथे तीन गोष्टी पुरेशा असतात. जुना कोड टाकला तर थेट 'सापडत नाही' न म्हणता नव्याकडे वळवायचं. बदलाची सूचना आधी, ठळक आणि पुरेशा मुदतीची द्यायची. आणि रिकामा झालेला जुना कोड दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. नाहीतर संभाजीनगरचं तिकीट शोधणाऱ्याला भलत्याच गावची गाडी दिसेल, आणि चूक झाली हेही लगेच कळणार नाही.

नामांतरं थांबणार नाहीत, ना गावांची ना आदेशांची. नवी पाटी एका दिवसात लागते. जुन्या नावानं विचारणाऱ्यालाही बरोबर ठिकाणी पोहोचवण्याचं काम त्यानंतर कित्येक वर्षं चालतं. ते कुणी केलं नाही, तर त्याची किंमत बदल ठरवणारा मोजत नाही. मोजतो तो खिडकीवर उभा असलेला प्रवासी.