वेल कोणती?

मराठी समीक्षेत 'वेल' ही फार सोयीची वस्तू झाली आहे. कवितेत जाई आली, मधुमालती आली, की आपण 'निसर्गप्रतिमा' असा शिक्का मारून पुढच्या कडव्याकडे वळतो. त्यात शेजारी वृक्ष असला तर अर्थ ठरलेलाच : लता म्हणजे स्त्री, वृक्ष म्हणजे तिचा आधार. हा संकेत संस्कृत काव्यातून आपल्याकडे आला आणि तेथे त्याला त्याची शोभाही आहे. परंतु तो सरसकट लावणाऱ्यांनी एखाद्या जुन्या बंगल्याच्या बागेची भिंत एकदा निरखून पाहावी.

फुलांचा हंगाम नसताना वेल ओळखायची, तर ती कशी चढते हे पाहावे लागते. गोकर्ण आणि गुळवेल खोडानेच आधाराला वळसे घेत जातात. कृष्णकमळ पानांच्या बेचक्यांतून तणावे फेकते. जानेवारीत नारिंगी फुलांनी लगडणाऱ्या संक्रांतवेलीत पानाच्या टोकाची पर्णिकाच तीन फाट्यांचा तणावा होते. मधुमालतीचे पान गळते, पण देठाचा बुंधा मागे राहून काट्यासारखा कडक होतो आणि त्याच्या आकड्यावर ती वर सरकते. बोगनवेल तर उघडउघड काट्यांनीच वाट काढते. यांपैकी कोणाला 'अबला' म्हणायचे? शिवाय लता नेहमीच स्त्रीलिंगी असली, तरी मराठीत वेल 'ती'ही असते आणि 'तो'ही, हे भाषेचे शहाणपण आपल्या विवेचनात कधी उतरत नाही.

बोगनवेलीचे नाव हा एक वेगळाच गमतीचा भाग. फ्रेंच दर्यावर्दी बूगॅंव्हील याच्या सफरीत 1767 साली ब्राझीलमध्ये ही वनस्पती गोळा केली गेली आणि तिला त्याचे नाव मिळाले. मराठीने त्या आडनावाच्या शेपटातून 'वेल' काढली! कृष्णकमळही अमेरिका खंडातलेच. ख्रिस्ती मिशनऱ्यांना त्यात काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे दिसले. आपल्याकडे त्याच तंतूंचे शंभर कौरव आणि त्याच पाच पुंकेसरांचे पांडव झाले. संहिता एक, वाचने दोन. वाचकसापेक्षतेवरच्या व्याख्यानाला याहून चांगले उदाहरण भिंतीवर आयते मिळत असताना आपण ते परदेशी ग्रंथांत शोधतो.

ओळख नसल्याने नुकसान काय होते, असे कोणी विचारील. ज्ञानदेवांच्या नावे असलेला मोगऱ्याचा अभंग घ्या. दारातल्या लहानशा रोपाचा वेल त्यात आभाळापर्यंत जातो. वेली मोगरा असतो हे खरे. पण नेहमीचा मोगरा हे बेताच्या उंचीचे झुडूप आहे. ज्याला मोगरा ठाऊक आहे त्याला ते आभाळ गाठणे अद्भुत वाटते. ज्याला सगळ्या वेली सारख्याच, त्याला ती केवळ वाढ वाटते. अभंगाचा सारा आश्चर्यभाव त्या झुडपाच्या उंचीवर उभा आहे, आणि वर्गात आपण त्याच्याविषयी अवाक्षर काढत नाही.

तीच गोष्ट मालतीची. संस्कृतातली मालती सामान्यतः जाईच्या कुळातली मानली जाते. आज कुंपणावर संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी, मग लाल होणारी मधुमालती ही सर्वस्वी निराळी. भवभूतीचे 'मालतीमाधव' वाचताना विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे हे लाल घोस आले, तर दोष त्याचा नाही; त्याला कोणी सांगितलेलेच नसते. या मधुमालतीचे जुने शास्त्रीय नाव 'क्विस्क्वॅलिस', म्हणजे लॅटिनमध्ये 'कोण? कसले?'. निदान वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेवढे तरी विचारले.

आपल्या संपादित आवृत्त्यांत पौराणिक संदर्भांना टीपा असतात, अलंकारांना असतात. वनस्पतींच्या वाट्याला फार तर 'एक फुलवेल' एवढे दोन शब्द येतात. 'जाईजुई' आपण एका दमात उच्चारतो. जाईचे पान अनेक पर्णिकांचे, तर जुईच्या मुख्य पानाच्या तळाशी कानांच्या पाळ्यांसारखी दोन इवली पाने, किंवा तीही नाहीत. एवढे लिहायला टीपेत दीड ओळ लागते.