बाळाच्या डब्यावर बहिष्कार

बहिष्कार हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसला आहे. गावाने टाकला की पीठ-मीठ बंद. तोच गिऱ्हाइकाने टाकला तर मोठी कंपनीही नमते. गरीब देशांत बाळाच्या दूध पावडरीचा प्रचार केला म्हणून १९७७ साली अमेरिकेत नेस्लेच्या मालावर लोकांनी बहिष्कार घातला. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम पाळू, असे कंपनीने कबूल केल्यावर १९८४ साली तो थांबवला. ढिलाई दिसली तसा १९८८ ला पुन्हा घातला. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे: डब्याची जाहिरात नाही, फुकट वाटप नाही, डब्यावर बाळाचा फोटोही नाही.

तरी आष्ट्यात बाळ बघायला येणारी पाहुणी डबाच आणते! तो पुरवायचा म्हणून पावडर कमी, पाणी जास्त. बाटली नीट उकळली जात नाही आणि बाळाला जुलाब लागतात. पहिले सहा महिने अंगावरचे दूधच, वरचे पाणीसुद्धा नको. मजुरीवर जाणाऱ्या आईला हे अवघड आहे, मान्य. तिने दूध काढून झाकून ठेवावे, सासूबाईंनी तीन-चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे. डॉक्टरांनीच डबा लिहून दिला असेल तर गोष्ट वेगळी. पण कोणी फुकट हाती ठेवला तर घेऊ नका, आशाताईंना सांगा.