चहाचे पैसे लगेच, जॉबवर्कचे कधी?

भोसरी एमआयडीसीत कुठल्याही टपरीवर उभे राहा. कटिंग संपायच्या आत क्यूआर कोड स्कॅन होतो आणि काउंटरवरचा डबा पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये एनपीसीआयने यूपीआय आणलं. ऑगस्ट २०२३ मध्ये देशातल्या यूपीआय व्यवहारांनी एका महिन्यात एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. आपल्या पिढीला खिशात पाकीट नसलं तरी काही वाटत नाही. हे यश मोठं आहे, यात शंका नाही.

पण आता टपरीसमोरच्या वर्कशॉपमध्ये डोकावून बघा. तिथे दोन-चार सीएनसी मशिन्स आहेत, आठ-दहा कामगार आहेत. माल तयार होतो, टेम्पोत भरला जातो, चाकणला किंवा तळवड्याला पोचतो. आणि पेमेंट? साठ दिवस, नव्वद दिवस, कधी त्याहूनही जास्त. ‘साहेब सुट्टीवर आहेत’, ‘बिल अकाउंट्सला गेलंय’, ‘पुढच्या आठवड्यात बघू’. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी रात्री जेवताना हेच बोलणं चालत असेल.

मग तंत्रज्ञान कमी पडतंय का? अजिबात नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू आहे. कंपनीने ठरवलं तर रविवारी रात्रीसुद्धा लाखो रुपये मिनिटांत पोचतात. अडचण आहे ती बटण कोणी आणि कधी दाबायचं याची. टपरीवर आपण समोर उभे असतो, पैसे दिल्याशिवाय हलता येत नाही. वर्कशॉपचा माल मात्र आधी जातो आणि पैसे मागे राहतात. पैसा वेगाने पळायला लागला, पण तो सोडायचा अधिकार होता त्याच हातात राहिला.

तोवर वर्कशॉपवाल्याचे खर्च थांबत नाहीत. पगार, वीजबिल, मशीनचा हप्ता, कच्चा माल. त्यात बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी भरायचा, बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणजे मोठ्या कंपनीला छोटा कारखानदार बिनव्याजी उधार देतो आणि स्वतः मात्र बँकेकडून व्याजाने पैसे उचलतो.

कायदा आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद होईल, ही भीती खरी आहे. पोर्टल तक्रार नोंदवून घेईल, ऑर्डर मिळवून देणार नाही.

ट्रेड्स नावाची व्यवस्थाही २०१७ पासून सुरू आहे. बिल ऑनलाइन टाकायचं, बँका बोली लावतात, छोट्या उद्योगाला पैसे आधी मिळतात आणि बँक नंतर मोठ्या कंपनीकडून वसूल करते. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची झाली आहे. पण कंपनीने बिल मान्य केल्याशिवाय बँक पैसे देत नाही. चावी पुन्हा त्यांच्याकडेच!

मोठ्या कंपन्या म्हणतात, मालाची तपासणी करावी लागते, आमचेही पैसे वरून उशिरा येतात. तपासणीला वेळ लागतो हे मान्य. पण ४५ दिवस त्यासाठी पुरेसे आहेत. आणि वरचा उशीर सगळ्यात खालच्या माणसाने का सोसायचा?

आमचं म्हणणं साधं आहे. माल मान्य झाला की बिल आपोआप मान्य झालं पाहिजे. ठरलेल्या दिवशी पेमेंट आपोआप सुटलं पाहिजे. जी कंपनी एकेका नटबोल्टचा हिशोब सॉफ्टवेअरवर ठेवते, तिला हे जमणार नाही असं कोण म्हणेल?

आणि तुमचं काय? घरचं वर्कशॉप असेल तर उद्यम नोंदणी आहे का ते आजच बघा. पीओ लेखी घ्या, त्यात पेमेंटची मुदत लिहून घ्या, चलनावर सही-शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. मोबाइलमधलं पेमेंट घरात सगळ्यांना तुम्हीच शिकवलंत, आता हेही शिकवा. आणि उद्या तुमच्यातलाच कुणी चाकणच्या एखाद्या कंपनीत अकाउंट्सच्या खुर्चीत बसेल. समोर आलेलं बिल कुणाच्या तरी घरचा पगार आहे, एवढं तेव्हा लक्षात ठेवा.